बाराव्या किलोमीटरवरचा गालिचा

आमच्या शहराच्या मॅरेथॉनला लाखो लोक लोटतात म्हणे. लोटत असतील. पण त्या दिवशी सगळ्यांत आधी जे सुटतात, त्यांना बघायला काळं कुत्रंही नसतं. चाकांच्या खुर्च्यांची शर्यत पहाटे सहाला सुटते आणि साडेसहाच्या आत ती मंडळी आमच्या हमरस्त्यावरून निघून गेलेली असतात. तेव्हा दिवे अजून जळत असतात, ऑगस्टच्या रात्रीच्या पावसानं डांबर ओलं असतं आणि लांबून नुसता आवाज येतो, टप टप टप टप, हातमोजे चाकाच्या कडीवर पडल्याचा. माणसं इतकी वाकलेली की छाती गुडघ्यांना टेकलेली, तोंड दिसायचं नाव नाही. आधी बाप्ये जातात, मग बायका, मग पुन्हा सामसूम. तासाभरानं नामांकित धावणारे येतात, केनियाचे, इथिओपियाचे, त्यांच्यासाठी बाल्कन्या भरतात, ढोल वाजतात, लोक संत्र्याच्या फोडी घेऊन उभे राहतात. मी कोपऱ्यावर मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या तमालेसचं पातेलं मांडून बसलेली असते. मक्याच्या सालींची ती ऊन वाफ तोंडावर आली की डोळे आपोआप मिटतात, आणि दर वर्षी मला वाटतं, त्या खुर्च्या मी झोपेतच पाहिल्या.

तोमासाला तसं कधी वाटलं नाही, कारण तोमासा त्या वेळी टक्क जागी असते. आमचा हमरस्ता झाडते ती. सव्वीस वर्षं झाली. पंधराव्या वर्षी त्लास्कालाच्या डोंगरातून आली, तेव्हा तिला शहराचा एवढा मोठा रस्ता पाहून भीती वाटली होती, असं तिनंच मला सांगितलं. मी म्हटलं, मग झाडायचंच काम कशाला धरलंस? तर म्हणाली, हातानं शिवलेल्या गोष्टीची भीती जाते. बोलणं असलं. दिवसभरात चार वाक्यं बोलेल, पण चारही अशी की माणसानं तमालेस गुंडाळता गुंडाळता थांबावं. माझं उलट आहे. माझं तोंड सकाळी उघडतं ते रात्रीच मिटतं, हे आमच्या सगळ्या सान्ता वेरोनिका वस्तीला ठाऊक आहे.

तिला स्वप्नंही रस्त्याचीच पडतात. एकदा म्हणाली, दुलिया, काल मी सगळा हमरस्ता चादरीसारखा उचलला, गच्चीवर नेऊन झटकला आणि परत अंथरला. खाली काय होतं गं, मी विचारलं. तळं होतं, ती म्हणाली, आणि त्यात बगळे उभे होते. एवढं सांगून काटक्यांचा झाडू खांद्यावर टाकून ती गेली. मला आपलं दिवसभर तळं दिसत राहिलं.

नेरेइदा ही आमच्या चाळीतली पोर. आठव्या वर्षी मिनीबसखाली सापडली आणि कमरेखालचं गेलं. तिच्या आईनं चार वर्षं तिला दाराबाहेर काढली नाही. पुढं एका क्लबातल्या मास्तरांनी तिला शर्यतीच्या तीनचाकी खुर्चीत बसवलं, पुढं एक लांब चाक, मागं दोन तिरपी. पोरीनं दोन टोले दिले आणि खुर्ची अशी सुटली की मास्तर मागं पळत राहिले. क्लबानं ती खुर्ची उसनी दिली. आता आमच्याकडे कुठलीही नवी गोष्ट घरात आली की तिला धर्ममाता, आमच्या बोलीत माद्रीना, लागते. पोराच्या बारशाला लागते, तशी केकला लागते, फ्रॉकला लागते, वाजंत्र्यांना लागते. मग खुर्चीला का नको? पाद्रीबाबांनी खुर्चीवर तीर्थ शिंपडलं आणि नेरेइदानं धर्ममाता म्हणून बोट दाखवलं ते तोमासाकडे. मला राग आला होता, लपवून काय करू. त्या पोरीला चार वर्षं मी तमालेस खाऊ घातले होते. पण धर्ममातेनं ज्याची ती धर्ममाता, त्याला आयुष्यभर सांभाळायचं असतं, आणि खुर्चीला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं. खुर्चीला लागतो स्वच्छ रस्ता.

तेव्हापासून सहा वर्षं तोमासा रोज गाड्या सुरू व्हायच्या आधी दोन किलोमीटर रस्ता झाडून ठेवायची आणि नेरेइदा त्यावर सराव करायची. त्या चाकांचे टायर बोटाएवढे बारीक. काचेचा एक कण पुरतो. तोमासा झाडूच्या आवाजावरून ओळखायची. काच लागली की काटक्या किणकिणतात म्हणे. शेवटी ती चक्क रस्त्यावर आडवी व्हायची, गाल डांबराला लावायची आणि दूरच्या दिव्याकडे बघायची, म्हणजे राहिलेला कण चमकतो. मी थट्टा करायची, काय गं, जमिनीच्या पोटात बाळ आहे का, ऐकतेयस ती? ती म्हणायची, हो, आणि तू हळू बोल.

तर एवढं करूनसुद्धा गेल्या वर्षी, नेरेइदाच्या पहिल्याच मोठ्या शर्यतीत, बाराव्या किलोमीटरवर तिचं मागचं चाक बसलं. बारावा किलोमीटर म्हणजे आमचाच रस्ता, तोमासाचाच तुकडा. कुणीतरी पहाटे बाल्कनीतून बाटली फेकली असणार. पोर कडेला थांबली, बाकीच्या टप टप करत निघून गेल्या. तोमासानं काच शोधून उचलली, बोट कापलं, तसंच एप्रनला पुसलं आणि पुढं झाडत गेली. पण त्यानंतर वर्षभर तिला बगळ्यांची स्वप्नं पडली नाहीत. विचारलं की म्हणायची, नुसता रस्ता दिसतो, आणि तो संपत नाही.

या वर्षी गोष्ट जिवाची होती. क्लबाची खुर्ची या शर्यतीनंतर परत द्यायची होती, कारण पाठीमागं दुसरी लहान पोरं रांगेत होती. नेरेइदा पहिल्या पाचांत आली तर राज्याच्या संघात जागा आणि तिच्या मापाची स्वतःची खुर्ची. सहावी आली तर काही नाही. मग चाळीच्या आवारातली रोजची खुर्ची आणि आईच्या शिवणकामाला काजं करत बसणं. बायकांच्या शर्यतीत नऊ जणी होत्या. हे आमच्या चाळीत शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

आणि म्हणूनच आमच्या डोक्यात ती शक्कल शिरली. कुणी सुरुवात केली ते आता कुणीच कबूल करत नाही. माझं म्हणणं आहे की दोन फिलेमोननी. ते म्हणतात मी. हे 'दोन' म्हणजे आकडा नव्हे, वडीलधाऱ्याच्या नावाआधी आम्ही मानानं लावतो; माणूस एकच, आमच्याकडचे गालिचेवाले. देवमातेची मिरवणूक निघते तेव्हा रस्त्यावर रंगीत भुशाचा आणि पाकळ्यांचा गालिचा घालतात तो साठ वर्षं त्यांच्या हातचा. आता एक्याऐंशीचे झालेत, हात कापतात, डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणाले, हा माझा शेवटचा, आणि तो या पोरीसाठी. दर वर्षी खुर्च्या मुक्यानं जातात, यंदा जाऊ द्यायच्या नाहीत. देवमातेला घालतो तसा गालिचा घालू, बाराव्या किलोमीटरवर, जिथं तिचं चाक बसलं तिथंच. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्याही आलं. नेरेइदाला सांगायचं नाही, तोमासाला तर मुळीच नाही, अळीमिळी गुपचिळी. सुताराकडून सात पोती भुसा आणला आणि तो रंगवला कुणाच्या पातेल्यात? माझ्या. आठवडाभर माझे हात कोपरापर्यंत गुलाबी होते. तोमासानं विचारलं तर मी बिटाचं लोणचं म्हणून सांगितलं.

शर्यतीच्या पहाटे रस्ता तपासणारी गाडी चारला गेली. तोमासाचंही झाडून झालं आणि ती खालच्या वळणावर गेली. तिथं गटाराची जाळी आहे, तिच्या फटी रस्त्याच्याच दिशेनं, चाक अडकायला अगदी मापाच्या. तिच्यावर फळी टाकून तोमासा तिथं राखण करत उभी राहते. मग आमची मंडळी बाहेर पडली. तीस-चाळीस जण, हलक्या पावलांनी, कुजबुजत, कुणाच्या हातात चाळणी, कुणाच्या हातात पुठ्ठ्याचे साचे. ओल्या भुशाचा पाइनसारखा वास सुटला होता. धुकं होतं. दिव्याखाली दोन फिलेमोन हॅट घालून उभे राहून नुसतं बोट दाखवायचे आणि तिथं रंग उगवायचा. पंख फुटलेलं एक भलंमोठं चाक, भोवती हमिंगबर्ड, कडेनं बोगनवेलीच्या पाकळ्या, वर तिचं नाव. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, पंचवीस पावलं लांब. काय सांगू, इतकं सुंदर झालं होतं की मी पातेल्याखालचा जाळ लावायलाच विसरले. मला वाटलं, तोमासाच्या चादरीखालचं तळं ते हेच असावं.

सहा वाजून पाच मिनिटांनी तोमासा खालून चालत आली. कडेच्या पन्हळीतून गुलाबी पाण्याची धार वाहत तिच्या जाळीपर्यंत पोचली होती. ती त्या धारेच्या मागं मागं वर आली होती.

ती गालिच्यापाशी थांबली. आम्हा सगळ्यांना वाटलं, बाई हरखली. दोन फिलेमोननी हॅट काढली आणि म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी मिळून केलंय, तोमासा. तुझ्या पोरीसाठी."

तोमासानं वाकून चिमूटभर भुसा उचलला, बोटांत चोळला. "गालिचा पायांसाठी असतो, दोन फिलेमोन," ती म्हणाली. "तिला चाकं आहेत."

कुणाला काही कळेना. मला कळलं, आणि मी तिथंच खाली बसले. आम्ही मिरवणुकीची माणसं. गालिच्यावरून जायचं म्हणजे खांद्यावर देवमाता घेऊन, एक एक पाऊल, हळू. आमच्या चाळिसांच्या डोक्यात एकदाही आलं नाही की ती पोर त्या उतारावरून मोटारीसारखी येणार, बोटाएवढ्या चाकांवर, आणि खाली ओला भुसा. चाक घसरलं तर समोर दिव्याचा खांब. आणि ती एकटी नाही, तिच्या आधी नऊ-दहा बाप्ये. करायला गेलो काय आणि झाले उलटे पाय.

तोमासानं झाडू खाली घेतला तसे दोन फिलेमोन आडवे आले. म्हणाले, ज्याच्यासाठी गालिचा घातला तो त्यावरून जाईपर्यंत त्याला झाडू लावत नाहीत, हे तुला माहीत आहे, एवढी वर्षं तूच झाडतेस, पण देवमाता गेल्यावर. आधी झाडलं तर ज्याच्यासाठी घातला त्याचं वाईट होतं. मागून कुणीतरी म्हणालं, एवढंसं तर आहे, जातील की वरून. आणि एक बाई, नाव नाही सांगत, रोज समोर येते, ती म्हणाली की हिला स्वतःचं पोर नाही ना, दुसऱ्या कुणी त्या पोरीचं कौतुक केलेलं हिला खपत नाही. मी त्या दिवसापासून तिला तमालेस देते, पण लहान देते.

तोमासानं ते ऐकलं. ती माझ्याकडे वळली आणि माझ्या गुलाबी हातांकडे बघत एवढंच म्हणाली, "दुलिया, वीस मिनिटं आहेत."

मी उठले. पातेल्याचं झाकण घेतलं, ते सुपासारखं धरलं आणि पंखाच्या टोकापासून सुरुवात केली. आठवडाभर मीच रंगवलेला भुसा मीच खरवडत होते, आणि रडत होते, आणि तोंडानं सगळ्यांना शिव्या घालत होते, स्वतःसकट. तोमासा मात्र शांत. तिचा झाडू लांब लांब फिरत होता, एका लयीत, आणि त्याखाली पक्षी जात होते, नाव जात होतं, पाकळ्या उडून तिच्या केसांत बसत होत्या. भुसा ढिगाऱ्यांनी कडेला, तिथून पिंपात. लोक नुसते उभे. कुणी हात लावला नाही आणि कुणी अडवलंही नाही. धुक्यात तो सगळा प्रकार असा चालला होता की मला सारखं वाटायचं, आत्ता जाग येईल.

दोन फिलेमोन चाकाच्या मधोमध जाऊन उभे राहिले ते हलेनात. तिनं त्यांच्या भोवतीनं झाडलं. सगळा रस्ता मोकळा झाला आणि मधे तेवढे ते, हॅट छातीशी धरून, बुटांखाली ताटाएवढा निळा भुसा. मग लांबून ते ऐकू आलं. टप टप टप टप. म्हाताऱ्यानं मान वळवली. तिच्याकडे बघितलं नाही, पण बाजूला झाले. तोमासानं झाडू टाकला आणि त्यांच्या पावलांखालचा भुसा दोन्ही हातांनी ओंजळीत भरून ओच्यात घेतला. मग सवयीनं ती आडवी झाली, गाल डांबराला टेकला, दिव्याकडे बघितलं. उठली आणि कडेला आली.

भुसा गेला होता, पण रंग ओल्या डांबरात मुरला होता. फिकट गुलाबी पंख, निळी चकती, धुवून धुवून विटलेल्या कापडावर असावी तशी. त्यावरून आधी बाप्ये गेले. मग उतारावर पिवळं हेल्मेट दिसलं. नेरेइदा सातवी होती. मान खाली, खांदे वर-खाली, वाऱ्याचा एक झोत माझ्या तोंडावर, आणि गेली. डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा वेळ. ती कुणाकडेही बघून गेली नाही.

नंतरची सकाळ मला नीट आठवत नाही. धावणारे आले, हजारोंनी आले, ढोल वाजले, सगळं दर वर्षीसारखं. दोन फिलेमोननी घरात जाऊन दार लावून घेतलं. तोमासा कागदी पेले झाडत होती आणि तिच्याशी कुणी शब्द बोलत नव्हतं. मी तिला मक्याच्या पेजेचा, आतोलेचा, गरम पेला नेऊन दिला, तेव्हा तिनं विचारलं, "खरंच वाईट होतं का गं, आधी झाडलं तर?" मी तिच्या केसांत राहिलेली एक पाकळी काढली.

दुपारी दोनला टॅक्सी चाळीपाशी थांबली. टपावर ती लांब खुर्ची बांधलेली. आवारात सगळे जमले, दोन फिलेमोनसुद्धा दार उघडून आले, पण भिंतीकडच्या बाकावर एकटेच बसले. नेरेइदाच्या हाताला पट्ट्या, तोंडावर मीठ वाळलेलं. तिनं पाच बोटं वर केली. पाचवी. सहावीच्या पुढं अर्ध्या चाकानं. त्यानंतर जो कल्ला झाला त्यात माझ्या पातेल्याला पोचा आला, अजून आहे. ताटं आली, मोलेचा तिखट रस्सा वाढला, कुणी गिटार आणली. तोमासा नळापाशी हात धूत उभी होती, जेवायला पुढं आली नाही.

आणि मग पोर म्हणाली, "माझा गालिचा कुठे होता? आई शेवटच्या रेषेपाशी मला विचारत होती, आवडला का म्हणून. मला तर दिसलाच नाही."

तिची आई पहाटेच तिकडे गेलेली, तिला बिचारीला काय माहीत. चमचे थांबले. मी, जिचं तोंड कधी मिटत नाही ती, खाली ताटात बघायला लागले. तोमासा ओले हात घेऊन पुढं आली. तिला खोटं बोलता येत नाही. ती बोलायला लागणार, तेवढ्यात बाकावरून दोन फिलेमोन म्हणाले, "होता की. तू त्याच्यावरूनच गेलीस, पोरी. मान खाली होती तुझी, दिसणार कसा?"

एवढ्या माणसांतून कुणीही हूं की चूं केलं नाही, सकाळी ज्यांनी तोंडसुख घेतलं त्यांनीही नाही.

"तरीच," नेरेइदा म्हणाली. "बाकीचा सगळा रस्ता हाडांत बसला माझ्या. तेवढ्याच तुकड्यात चाकांखाली काही लागेचना. मला वाटलं, मी रस्त्यावर नाहीच. तिथं जो वेग मिळाला, त्यावरच पुढं मी दोघींना मागं टाकलं, माद्रीना."

तोमासा तिथंच उभी राहिली आणि तिचे डोळे वाहायला लागले. गेल्या वर्षी बोट कापलं तेव्हा रडली नव्हती, सकाळी त्या बाईचं ऐकून रडली नव्हती. आता ओले हात तसेच पुढं धरून लहान पोरीसारखी रडत होती. दोन फिलेमोन बाकावर थोडे सरकले, कापऱ्या हातानं स्वतःचं ताट बाजूच्या जागेवर ठेवलं आणि तिला म्हणाले, "बस इथं. जेव आता."